दांडा सोडल्यावर : बॅलेची कहाणी, पॅरिसच्या दरबारापासून नवी मुंबईपर्यंत

१/
ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या तळवलीसारख्या गावात हळदीच्या रात्री बेंजो सुरू झाला, की मांडवातले लहान पोरही नाचू लागते. त्याला कुणी पदन्यास शिकवलेला नसतो, समोर आरसा नसतो, हाताला आधार नसतो. आगरी-कोळी नाचाची शाळा म्हणजे तो मांडवच. बॅलेच्या विद्यार्थ्याचा दिवस मात्र भिंतीलगतच्या एका लाकडी दांड्यापाशी सुरू होतो. हा दांडा आला कुठून, तो सोडताना शरीरात काय घडते आणि तो न धरताच मुंबईने 'बॅले' हा शब्द कसा आपलासा केला, याचा हा मागोवा.

२/
आधी दोन संज्ञा. कमरेच्या किंचित वर बसवलेल्या त्या दांड्याला फ्रेंचमध्ये 'बार' म्हणतात. वर्गाचा पहिला भाग दांड्यापाशी होतो. दुसऱ्या भागात सगळे दांडा सोडून खोलीच्या मध्यभागी येतात. त्याला 'मध्याचा सराव' म्हणता येईल. क्रम ठरलेला आहे : जे आधाराने केले, तेच आता निराधार करायचे. काल भरती झालेली मुलगी असो की रंगमंचावरची प्रमुख नर्तिका, हा क्रम कुणालाच चुकत नाही.

३/
बॅलेच्या आरंभी मात्र दांडा नव्हताच. २३ फेब्रुवारी १६५३ रोजी पॅरिसमध्ये 'बॅले द ला न्वी', म्हणजे रात्रीचा बॅले सादर झाला. रात्र सरते, पहाट होते आणि शेवटी सूर्य उगवतो. सूर्याच्या सोनेरी वेषात होता १४ वर्षांचा राजा चौदावा लुई. सरदारांच्या बंडाळीतून त्याचे सिंहासन नुकतेच सावरले होते. त्यामुळे तो नाच करमणुकीपुरता नव्हता. राज्याच्या केंद्रस्थानी कोण आहे, हे दरबाराला डोळ्यांनी दाखवून देण्याचा तो विधी होता. 'सूर्यराजा' हे त्याचे बिरुद या भूमिकेशी जोडलेले आहे.

४/
१६६१ हे वर्ष महाराष्ट्राच्या इतिहासप्रेमींच्या ओळखीचे. त्या वर्षाच्या प्रारंभी शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कारतलबखानाला कोंडले. त्याच वर्षी पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाचा करार झाला आणि मुंबई बेट आंदणात लिहून दिले गेले. आणि त्याच वर्षी चौदाव्या लुईने पॅरिसमध्ये राजाश्रयाने नृत्याची अकादमी स्थापन केली. पायांच्या ज्या पाच मूलभूत स्थितींवर आजही बॅले उभा आहे, त्या सूत्रबद्ध करण्याचे श्रेय लुईचा नृत्यशिक्षक पियेर बोशां याला दिले जाते.

५/
तो नाच दरबारी दालनात होत असे आणि प्रेक्षक तीन बाजूंनी, कित्येकदा वरच्या सज्जांतून पाहत. त्यामुळे उंच उडीपेक्षा जमिनीवर उमटणाऱ्या आकृतीला महत्त्व होते. १७०० साली राऊल ओजे फ्यये याने नृत्यलिपीचे पुस्तक छापले. त्यात नर्तकाची वाट वरून पाहिल्यासारखी काढलेली आहे : वळणे, वेलांट्या, समोरासमोरची सममिती. आपल्याकडच्या माणसाला ती पाने पाहून पहिल्यांदा रांगोळीच आठवेल. अशा नृत्याला मोकळी जमीन हवी. भिंतीचा त्यात काय उपयोग?

६/
१६७०च्या सुमारास लुईने रंगमंचावर नाचणे थांबवले आणि नृत्य दरबाऱ्यांकडून व्यावसायिकांकडे गेले. दालनाची जागा चौकटीच्या रंगमंचाने घेतली. आता प्रेक्षक एकाच बाजूला, समोर. याचा परिणाम दूरगामी झाला. नर्तकाने अंग कोणत्या कोनात वळवावे, कोणता पाय पुढे दिसावा, याचे शास्त्र तयार झाले. समोर तोंड केलेली स्थिती ती 'आं फास', पाय एकमेकांना छेदताना दिसतात ती 'क्रवाझे', आणि अंग खुले दिसते ती 'एफासे'. मध्याच्या सरावात नवशिक्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा शिकावी लागते ती हीच दिशांची भाषा.

७/
तंत्र अवघड होत गेले, तसा आधार गरजेचा झाला. पाय नितंबापासून बाहेर वळवणे, तो उंच उचलून धरणे, चवड्यावर तोलणे हे सारे शरीराला सवयीचे नव्हते. कार्लो ब्लासिस या इटालियन गुरूने १८२० साली मिलानमध्ये नृत्यशिक्षणाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळच्या पद्धतीत विद्यार्थी आधी हाताने आधार धरून व्यायाम करी आणि मग तेच आधाराविना. थोडक्यात, दांड्याचा जन्मच मुळी सोडून देण्यासाठी झाला. मारी ताग्लिओनीला तिच्या वडिलांनी १८२२ साली व्हिएन्नातील पदार्पणापूर्वी रोज कित्येक तास राबवले. एकेक स्थिती ती १०० आकडे मोजेपर्यंत धरून ठेवी, असे सांगतात. १८३२ साली 'ला सिल्फीद'मध्ये ती वाऱ्यावर तरंगणारी परी भासली, त्यामागे हे मोजणे होते.

८/
एकोणिसाव्या शतकातील तालीमखोली पाहायची असेल, तर एद्गार देगाची चित्रे पाहावीत. १८७७ सालच्या त्याच्या एका चित्रात दोन मुली दांड्यावर पाय टाकून ताण देत आहेत आणि डाव्या बाजूला जमिनीवर चक्क पाणी घालण्याची झारी ठेवलेली आहे. ती तिथे कशाला? लाकडी फरशीवर धूळ उडू नये आणि पाय घसरू नये म्हणून वर्गाआधी पाणी शिंपडत. अंगणात सडा घालणाऱ्या मराठी घराला हे वेगळे समजावून सांगायला नको. नाचणाऱ्याचा खरा सोबती दांडा नव्हे, जमीन आहे, हे त्या झारीवरून कळते.

९/
आता मूळ प्रश्न : दांडा सोडला, की नेमके काय बिघडते? दांड्यावर हात हलकाच ठेवायचा असतो. पण नवशिका नकळत त्यावर भार टाकतो आणि त्या हातामुळे चूक झाकली जाते. पाय पुढे नेताना शरीराचे वजन उभ्या पायाच्या तळव्यावर आले पाहिजे. ते दोन पायांच्या मध्ये राहिले, तरी दांडा पडू देत नाही. मध्यभागी आल्यावर तेच शरीर डुलू लागते. त्यातही पाचवी स्थिती, म्हणजे एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून उभे राहणे, ही पायांखालचा आधार अगदी अरुंद करून टाकते. म्हणून सुरुवातीच्या विद्यार्थ्यांना मध्यात बहुधा पहिली किंवा तिसरी स्थिती देतात. पाचवी सावकाश येते.

१०/
मध्याच्या सरावाला क्रम आहे. आधी 'प्लिए', म्हणजे गुडघे वाकवणे, आणि 'तांद्यू', म्हणजे पाय जमिनीवरून सरकवत ताणणे. दोन्ही दांड्यापाशी केलेलीच. मग 'पोर द ब्रा', म्हणजे हातांच्या चाली. दांड्यापाशी एक हात गुंतलेला असतो. इथे दोन्ही मोकळे होतात आणि त्यांचे काय करावे हेच कळत नाही. त्यानंतर वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या चाली : झुल्यासारखा 'बालांसे', सरकता 'शासे'. मग लहान उड्या : दोन्ही पायांवरून 'सोते', हवेत पाय बदलणारे 'शांजमां'. प्रत्येक उडीचा आरंभ आणि शेवट वाकलेल्या गुडघ्यांतच झाला पाहिजे, आणि उतरताना बोटे, चवडा, टाच हा क्रम पाळला पाहिजे. उडीचे कौशल्य वर जाण्यात जितके, तितकेच खाली येण्यात.

११/
गिरकीचा भाग वेगळा. अंग फिरते, पण मान शक्य तितका वेळ समोरच्या एका बिंदूवर रोखलेली राहते आणि अखेरच्या क्षणी झटकन फिरून पुन्हा तोच बिंदू गाठते. कानातील तोल राखणारा द्रव गिरकीने ढवळतो आणि त्याने चक्कर येते. दृष्टी स्थिर ठेवण्याची ही युक्ती त्यावरचा उतारा आहे. दिशा हरवू नये म्हणून रशियन गुरू अग्रिपिना वागानोवा हिच्या पद्धतीत खोलीचे आठ बिंदू कल्पून त्यांना क्रमांक दिले जातात. तिचा पाठ्यग्रंथ १९३४ सालचा. अष्टदिशांची कल्पना वाहणाऱ्या आपल्या परंपरेला ही विभागणी परकी वाटू नये.

१२/
ब्लासिस मिलानमध्ये ग्रंथ छापत होता, त्याच काळात दक्षिणेत एक मराठी दरबार नृत्याची घडी बसवत होता. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) यांच्या आश्रयाला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू होते. आजच्या भरतनाट्यमचा सादरीकरण-क्रम त्यांनी घडवला. या परंपरेत आधाराचा दांडा नाही. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून गुडघे बाहेर वळवून, अर्धे बसून, मोकळ्या जमिनीवर पाय मारतो. दांडा आहे, पण तो गुरूच्या हातात : 'तट्टुकळी' नावाची लाकडी काठी, जी लाकडी ठोकळ्यावर आपटून ताल धरला जातो. तिथे आधार हाताला नव्हे, कानाला मिळतो.

१३/
या दोन जगांची गाठ विसाव्या शतकात पडली. रशियन नर्तिका आना पाव्हलोव्हा १९२२ मध्ये भारतात आली. इथले नृत्य पाहण्याची तिला तहान होती. परतल्यावर १९२३ साली लंडनमध्ये तिने अजिंठ्याच्या चित्रांवर आधारलेला बॅले केला आणि 'ओरिएंटल इम्प्रेशन्स' ही मालिकाही. तिच्यातील हिंदू विवाह आणि राधाकृष्ण या रचनांसाठी तिच्याबरोबर होता उदय शंकर. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तो चित्रकलेसाठी लंडनला गेला होता. त्याला बॅले शिकवण्याऐवजी तिने आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचा सल्ला दिला.

१४/
पाव्हलोव्हाची दुसरी भारतभेट १९२८-२९ मधली. या वेळी रुक्मिणीदेवी अरुंडेल तिच्या नृत्याने भारावून गेल्या. पुढे ऑस्ट्रेलियाच्या जलप्रवासात दोघींचा स्नेह जुळला आणि पाव्हलोव्हाच्या चमूतील क्लिओ नॉर्डी हिच्याकडे रुक्मिणीदेवी बॅलेचे धडे घेऊ लागल्या. त्यांनाही पाव्हलोव्हाने तोच सल्ला दिला. १९३५ मध्ये अड्यारला त्यांनी भरतनाट्यम सादर केले आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्र उभे राहिले. जगातील सर्वांत विख्यात बॅले-नर्तिकेने दोन भारतीयांना सांगितले ते एवढेच : हा दांडा तुमचा नव्हे, तुमचा आधार तुमच्या घरी आहे.

१५/
महाराष्ट्राच्या मातीत या विचाराला फळ आले ते लीला सोखी, म्हणजेच मादाम मेनका यांच्यामुळे. त्यांचे पती डॉ. साहिबसिंग सोखी परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. मेनकांनी कथकाला एकट्याच्या मैफलीतून बाहेर काढून समूहाच्या रचनेत बांधले. १९३६ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्यांचा चमू गौरवला गेला. पुढे खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर त्यांनी 'नृत्यालयम' ही निवासी शाळा काढली. त्यांच्याच तालमीत दमयंती जोशी घडल्या आणि पुढे कथकच्या अग्रगण्य कलावंत ठरल्या. या रचनांना सारे 'बॅले' म्हणत. पण खंडाळ्याच्या त्या शाळेत पायांत घुंगरू होते.

१६/
त्यानंतर शब्दाने मुंबईत घरच केले. १९४४ मध्ये इप्टाचे मध्यवर्ती पथक अंधेरीत एकत्र राहून तालीम करू लागले. नृत्यदिग्दर्शक होते शांती बर्धन. बंगालच्या दुष्काळाची वेदना या पथकाने गावोगाव पोहोचवली. १९५२ मध्ये बर्धन यांनी मुंबईतच 'लिटल बॅले ट्रूप' स्थापन केला. त्यांच्या 'रामायणा'त नर्तक कळसूत्री बाहुल्यांसारखे हलत : ताठ अंगे, तुटक झटके, चेहऱ्यावर मुखवटा. क्षयाने जर्जर झालेले बर्धन १९५४ मध्ये गेले आणि गुल बर्धन यांनी संस्था तगवली. पुढे ती ग्वाल्हेरला व नंतर भोपाळला गेली.

१७/
या दोन्ही प्रवाहांना जोडणारे मराठी नाव म्हणजे आचार्य पार्वतीकुमार. 'देख तेरी बंबई'सारखा शहराच्या धकाधकीवरचा बॅले त्यांनी रचला. पुढे मात्र त्यांनी आयुष्याचा मोठा काळ तंजावरच्या मराठी नृत्यरचनांच्या संशोधनाला दिला. सरफोजीराजांच्या काळातील मराठी पदे भरतनाट्यमच्या रंगमंचावर पुन्हा उभी राहिली ती 'तंजावूर नृत्यप्रबंध' या त्यांच्या कामामुळे. सुचेता भिडे-चापेकर त्यांच्याच शिष्या. एकच माणूस मुंबईच्या लोकलची गर्दीही नाचवतो आणि तंजावरचे मराठी शब्दही, हे या शहरातच घडू शकते.

१८/
म्हणजे मुंबईत 'बॅले' हा शब्द तीन-चार दशके नांदला, पण बॅलेचे तंत्र जवळपास नव्हते. 'बॅले' म्हणजे निवेदन, संगीत आणि समूहनृत्यातून सांगितलेली कथा, अर्थात नृत्यनाटिका, असाच अर्थ मराठी प्रेक्षकाच्या मनात रुजला. दांडा आला तो वेगळ्या वाटेने. १९६६ मध्ये तुष्ना डल्लास यांनी मुंबईत शास्त्रीय बॅलेची शाळा सुरू केली. पुढे त्यांच्या कन्या खुशचेहेर यांनी ती परंपरा चालवली. दक्षिण मुंबईच्या मोजक्या घरांतील मुली तिथे 'प्लिए' आणि 'तांद्यू' शिकू लागल्या. खाडीपलीकडे तेव्हा अजून नवी मुंबई नव्हती. तिच्यासाठी सिडकोची स्थापना व्हायची होती १९७० मध्ये. तळवली तेव्हा शेताखाडीचे गाव होते.

१९/
पन्नास वर्षांनी चित्र पालटले. अॅश्ले लोबो यांच्या 'डान्सवर्क्स' या संस्थेत येहुदा माओर हे ज्येष्ठ इस्रायली-अमेरिकी बॅले गुरू शिकवायला आले. त्यांच्या वर्गात दोन मुले निराळी दिसली. एक अमीरुद्दीन शाह, नवी मुंबईतील एका वेल्डरचा मुलगा. दुसरा मनीष चौहान, टॅक्सीचालकाचा मुलगा. बॅलेचे शिक्षण साधारणतः आठ-दहाव्या वर्षी सुरू होते. हे दोघे उशिरा आले. अमीरुद्दीनला २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. निनेट द व्हाल्वा यांनी १९२६ साली स्थापलेली ती संस्था. सूनी तारापोरवाला यांनी या दोघांवर आधी लघुपट आणि मग 'ये बॅले' हा चित्रपट केला. तो २१ फेब्रुवारी २०२० रोजी प्रदर्शित झाला. त्यात मनीषने स्वतःवर बेतलेली भूमिका स्वतःच केली.

२०/
या यशाची गोष्ट 'झोपडीतून महालात' अशी सांगणे सोपे आहे. इतिहास जरा वेगळे पाहायला सांगतो. राजाच्या दालनात जन्मलेली कला शिकायला काय लागते? दांडा सर्वांत स्वस्त. खुर्चीची पाठही चालते. महाग आहे ती मोकळी जागा आणि जमीन. बॅलेची तालीमखोली किंचित लवचीक लाकडी फरशीची असते, कारण एका वर्गात शेकडो वेळा उडी मारून उतरावे लागते. सिमेंटवर किंवा लादीवर तेच केले, तर धक्का घोट्यात, नडगीत, गुडघ्यात साठतो. महामुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत चार जण राहतात, तिथे मध्याचा सराव करायला 'मध्य' आणायचा कुठून? दांड्यापाशी उभे राहायला एक वार भिंत पुरते. दांडा सोडायला मात्र अख्खी खोली लागते.

२१/
चित्रपट आला आणि महिन्याभरात जग घरात बंद झाले. त्या दिवसांत जगभरच्या नर्तकांना कळले, की खोली कुणाकडेच नाही. इंग्लिश नॅशनल बॅलेच्या तत्कालीन संचालिका तमारा रोहो आपल्या स्वयंपाकघरातून ऑनलाइन वर्ग घेत. कुणी खिडकीचा कठडा धरला, कुणी ओटा, कुणी खुर्ची. दोन शतकांच्या तंत्रानंतर आधार पुन्हा घरातल्या वस्तूंवर आला. आणि तेव्हाही सगळ्यांना जी उणीव भासली, ती दांड्याची नव्हती; ती होती उडी मारायला, चार पावले तिरपे धावायला लागणाऱ्या मोकळ्या जागेची.

२२/
मागे वळून पाहिले, तर या कहाणीत दांडा तीन वेळा सुटतो. विद्यार्थी तो रोज सोडतो, कारण मध्यात आल्याशिवाय नाच होत नाही. उदय शंकर, मेनका, शांती बर्धन यांनी तो धरलाच नाही आणि तरीही एका परक्या शब्दात आपला आशय भरला. नवी मुंबईच्या मुलाने तो उशिरा धरला आणि लवकर सोडला. यातील कोणता बॅले 'खरा', हा वाद निरर्थक आहे. ज्याला आधार मिळाला त्याने तो वापरावा, ज्याला मिळाला नाही त्याने दुसरा शोधावा; पण नाच सुरू होतो तो हात मोकळे झाल्यावरच.

२३/
बॅलेचा वर्ग संपतो तो 'रेव्हेरांस'ने : गुरूला आणि वादकाला झुकून केलेला नमस्कार. तो लुईच्या दरबारातील मुजऱ्याचा वारस आहे. भरतनाट्यमचा वर्ग सुरू होतो आणि संपतो तो भूमीला वंदन करून. जिच्यावर पाय आपटायचे, तिची आधी क्षमा मागायची. एक राजाला नमन करतो, दुसरा जमिनीला. तळवलीच्या मांडवातले पोर कुणालाच नमन न करता नाचते. तरीही तिघांचा शेवटचा आधार एकच, पायांखालची जमीन. खाडीकाठच्या या गावांच्या भोवती ती दिवसेंदिवस आक्रसत चालली आहे. नाचाच्या इतिहासाने विचारावा असा प्रश्न उरतो तो हाच : दांडा सोडणाऱ्या मुलांसाठी या शहराने मोकळी जागा किती ठेवली आहे?

(धागा समाप्त)